लाईनीला दिलेली

चिंचखेडीला गाडी येत होती असं आता सांगितलं, तर घनसावंगीचा माणूससुद्धा हसेल. पण येत होती. मोठ्या लाईनीवरून एक फाटा फुटायचा आणि काळ्या रानातून, ओढ्यावरून, चिंचखेडीला वळसा घालून खडीच्या टेकडीपर्यंत जायचा. खडी भरायला उघडे डबे यायचे आणि त्यांच्या शेपटाला माणसांचा एक डबा जोडलेला असायचा. त्या डब्यातून गावाची वऱ्हाडं गेली, कोर्टकज्जे लढणारे गेले, अडलेल्या बाळंतिणी गेल्या. मग मोठी लाईन रुंद झाली आणि हा फाटा अरुंदच राहिला. टेकडीची खडी संपली, तशी गाडीही संपली. रूळ उपटून नेले. लाकडी स्लीपर गावानं गोठ्यांना लावून टाकले. मागं उरला तो नुसता उंच भराव, गावाच्या पाठीला पाठ लावून बसलेला. दर निवडणुकीत कोणीतरी येऊन लाईन पुन्हा सुरू करतो म्हणून सांगायचा, लोकही खुशाल टाळ्या वाजवायचे. गाडी परत येणार नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तरी भरावाला नाव लाईनच राहिलं. आणि लाईनीचं एक काम गाडी गेल्यावरही सुटलं नाही.

तान्ही लेकरं कोणी जाळत नाही, पुरतात. पुरायची कुठं, हा चिंचखेडीचा जुना घोर होता. शेतात नांगर फिरतो, ओढ्याकाठी पाणी येतं, मसणात कुत्री उकरतात. लाईन सरकारची. तिथं नांगर जात नाही आणि वर खडीचा थर असला की कुत्र्याचा पंजा चालत नाही. म्हणून दात न आलेलं लेकरू गेलं, की बाप नाहीतर चुलता त्याला फडक्यात गुंडाळून लाईनीवर घेऊन जायचा. बाया जायच्या नाहीत. त्यांना मागाहून खूण सांगितली जायची. असं लेकरू मेलं, असं गावात कोणी म्हणत नसे. लाईनीला दिलं, म्हणत. गावात मसणं दोन होती, वरच्या आळीचं वेगळं आणि बुद्धविहाराकडच्या खालच्या आळीचं वेगळं. लाईन मात्र एकच होती. तिथं कोणाचं लेकरू कोणाशेजारी आहे, याची चौकशी कोणी केली नाही, आणि न केलेलीच बरी असं सगळ्यांना वाटायचं.

गाडी चालू होती तोवर बायांच्या जिवाला थोडा आधार होता. दिलेली लेकरं गाडीत बसून पुढं जातात, असं त्या एकमेकींना सांगायच्या. गाडी बंद झाल्यावर दिलेली मात्र कुठं गेली नाहीत. ती तिथंच वाट बघत बसली. भर दुपारी भरावाखालच्या मोरीतून वाकून जाताना डोक्यावर काहीतरी सरकल्यासारखं वाटे. अंगावर पाजणारी बाई असली तर ती मोरीच्या भिंतीला दुधाचा थेंब लावून मगच पुढं जाई, आणि पलीकडं निघेपर्यंत कोणी कोणाशी बोलत नसे.

वरच्या आळीतल्या पाटलांच्या घरात दुर्गाबाईचं पहिलं लेकरू गाडी बंद झाल्यावर गेलं. मुलगी होती. बारशाच्या आधीच गेली, त्यामुळं तिला नावही नव्हतं. नवरा काकासाहेब तिला घेऊन गेला आणि चिखलानं भरलेला परत आला. "मैलाच्या दगडापाशी ठिवलं," एवढंच म्हणाला आणि आंघोळीला बसला. त्यांचं शेत लाईनीला लागूनच. कपाशी वेचताना कंबर सरळ करायला दुर्गाबाई उभी राहिली, की तिची नजर आधी त्या दगडावर जायची. पुढं आदिनाथ झाला, मोठा झाला, त्यानं ट्रॅक्टर घेतला, शीतल सून म्हणून घरात आली. दुर्गाबाईचं दगडाकडं बघणं काही सुटलं नाही. ती दगडापाशी कधी गेली मात्र नाही. बायांनी जायचं नसतं, आणि तिला भीतीही वाटायची. नाव नसलेल्या पोरीला हाक तरी काय मारायची?

यंदा भादव्यात आभाळ फाटलं. ओढा शेतात शिरला आणि शेतातलं पाणी भरावाला येऊन थटलं. मोरी गाळानं भरलेली. पाण्याला वाट मिळेना, तेव्हा ते गावात घुसलं आणि मातीच्या भिंती एकामागून एक बसत गेल्या. काकासाहेबाचं घर एका दुपारी मागच्या भिंतीसकट खाली आलं. माणसं आधीच गोठ्यात गेली होती म्हणून वाचली. शेवटी गावानं जेसीबी आणून भराव एका जागी फोडला. पाणी उतरलं, आणि फोडलेल्या जागी सगळ्यांना दिसलं ते काय, तर आत लालभडक मुरूम. दाबून बसलेला, चाळून घेतल्यासारखा. मग काय विचारता. आधी रस्त्याला नेला, मग शाळेच्या अंगणाला, मग ज्यानं त्यानं आपापल्या दारी.

काकासाहेबाच्या नव्या घराचं विटांचं जोतं उभं राहिलं. आता त्याच्या पोटात भर घालायची होती. गोठ्यात जेवताना आदिनाथनं विषय काढला.

"राधेश्यामचा जेसीबी परवा मोकळा हाय. लाईनीवरून मुरूम भरून घेऊ. जोतं एकदाचं होऊन जाईल."

"लाईनीचा नको," दुर्गाबाई म्हणाली.

"मंग कुठला?"

"टेकडीचा आण."

"टेकडीचा रस्ता वाहून गेला ना, माय. आणि सगळं गाव लाईनीचाच नेऊन राह्यलंय. आपल्यालाच काय झालं?"

"तिथं तुझी बहीण हाय."

आदिनाथचा घास हातात राहिला. आपल्या आधी एक लेकरू होतं, हे त्यानं कधीतरी ऐकलं होतं. पण तिला बहीण म्हणून कोणी कधी बोललं नव्हतं. त्यानं बापाकडं बघितलं. काकासाहेब ताटावरून उठला आणि बैलाचा दोर बघायला गेला. दोराला काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई कपाशी वेचायला गेली. कपाशी कसली, बोंडं सडून काळी पडलेली. शंभर बोंडं चाचपावी तेव्हा ओंजळभर कापूस निघायचा, तोही ओला, पिवळट. बोटांना बोंडांच्या वाळक्या टोकांनी भेगा पडत होत्या. तिच्या बरोबरीनं मालनबाई वेचत होती. मालनबाई खालच्या आळीतली. नवरा वारलेला, पोरी दिल्या घरी गेलेल्या. दुर्गाबाईच्या शेतात ती इतकी वर्षं कामाला येत होती, की पाटातलं पाणी कुठं थांबतं हे घरच्यांआधी तिला कळायचं. काकासाहेब चारचौघांत म्हणायचा, आता तसलं काही राहिलं नाही, आम्ही बिलकुल मानत नाही. आणि खरंच कोणी काही म्हणत नव्हतं. फक्त मालनबाई त्या घराच्या आत कधी येत नव्हती, आणि कोणी तिला ये म्हणत नव्हतं.

ओळ संपल्यावर मालनबाई पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"तुम्ही बी मुरूम आणून राह्यले म्हणं?"

"आणतेत," दुर्गाबाई म्हणाली.

"मोरीच्या पल्याड ती बाभूळ हाय बगा. वाकडी." मालनबाईनं बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी त्या बाजूला केली. "तिच्या बुडाशी माझा संघपाल हाय. आमच्या मालकानं तीच खूण सांगितल्ती. तेवढी जागा सोडायला सांगा आदिनाथला. दुसऱ्या कोणाला सांगून ऐकायचे न्हाईत, तुमचं पोरगं ऐकंल."

दुर्गाबाईला आठवलं. तिच्या मुलीच्या आधी थोडेच दिवस मालनबाईचा मुलगा तापानं गेला होता. चांगला रांगत होता. दोघी एकाच पावसाळ्यात रिकाम्या झाल्या, पण त्यावर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"त्याला एकलं निजायची सवय न्हवती," मालनबाई म्हणाली. "माझी चोळी मुठीत धरल्याबिगर डोळा लावायचा न्हाई. अजून दुपारचं मोरीतून जाते तवा मला चोळीला वढ बसल्यावानी वाटती. लोक हसतील म्हणून बोलत न्हाई कुठं."

"सांगते," दुर्गाबाई म्हणाली. "आजच सांगते मी."

आणि तिला सांगायचंच होतं, यात खोटं काही नाही. पण संध्याकाळी आदिनाथ आला तो आधीच वैतागून आलेला. पोटाला अन्न नाही, अंगाला डिझेलचा वास.

"कुठं हाय ते सांग एकदाचं," तो म्हणाला. "तेवढं सोडून नेतो. पण एक जागा, माय. हितं सोड, तिथं सोड करत बसलो तर राधेश्याम जेसीबी घेऊन निघून जाईल. गावातल्या समद्या बाया उठून आपापली जागा सांगतील."

दुर्गाबाईच्या ओठावर बाभूळ आली होती. एक जागा, असं त्यानं म्हटलं आणि ती आत गिळली गेली.

"मैलाच्या दगडापाशी," ती म्हणाली. "चारी अंगानं सोड."

"बराबर. दगडाला हात लावत न्हाई."

काकासाहेब तिथंच बसला होता. त्यानं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि तंबाखू मळायला घेतली. शीतलनं भाकरी वाढली. मालनबाईचं नाव निघालं नाही. उद्या सकाळी काढू, असं दुर्गाबाईनं मनाशी ठरवलं, आणि ते आपण करणार नाही हेही तिला त्याच वेळी कळलं.

जेसीबीनं मोरीच्या पल्याडून सुरुवात केली. राधेश्याम कामाला वाघ. बाभूळ एका धक्क्यात आडवी झाली, बुंधा कोणीतरी सरपणाला ओढून नेला. ट्रॉल्या भरून येत होत्या आणि जोत्यात रिकाम्या होत होत्या. लाल ढिगांवर आदिनाथ फावडं मारत होता. दुर्गाबाई घागरीनं पाणी आणून देत होती आणि ढिगाकडं बघत नव्हती. काही निघालं का, हे तिनं विचारलं नाही. इतक्या वर्षांनी काय निघणार होतं? मातीचीच माती झालेली.

संध्याकाळपर्यंत लाईन तिथं राहिली नाही. मैलाचा दगड मात्र होता. त्याच्या भोवती दोन बैल उभे राहतील एवढा मातीचा खांड, भरावाचा उंच तुकडा, सोडलेला, बाकी सगळीकडं सपाट. दुरून तो फार विचित्र दिसत होता. आदिनाथनं शब्द पाळला होता. दुर्गाबाईला रडू आलं, आणि त्या रडण्यात सुखच जास्त होतं.

मालनबाई दुसऱ्या दिवशी आली. कामाला आली नाही, नुसती आली. जोत्याखाली उभी राहिली. आत मुरूम काठोकाठ भरला होता. आदिनाथ ट्रॉलीचा फाळका लावत होता.

"बाभूळ दिसत न्हाई," मालनबाई म्हणाली.

दुर्गाबाईनं पदर सारखा केला.

"तुमचा दगड तर तसाच हाय," मालनबाई म्हणाली. "सांगितलं न्हाई का तुम्ही?"

"सांगितलं होतं की. ह्याच्याच ध्यानातून गेलं."

ट्रॉलीपाशी उभा असलेला आदिनाथ वळला. "कशाचं? बाभळीचं मला कोणी बोललंच न्हाई, माय. दगडाचंच बोलली तू."

पोरगं खरं बोललं. दुर्गाबाईला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मालनबाईनं तिच्याकडं बघितलंही नाही. तिनं जोत्याच्या कडेवरून मूठभर मुरूम उचलला, तळहातावर पसरला, अंगठ्यानं चिवडला.

"ह्यात कोणता त्यो, कसं वळखावं," ती म्हणाली. मग तळहात हळूच उलटा करून मुरूम जिथला तिथं ठेवला आणि खालच्या आळीकडं निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर दुर्गाबाईला सोसल्या असत्या.

त्यानंतर मालनबाई कामाला आली नाही. कपाशी तशीच लोंबत राहिली. दुर्गाबाई एकटी वेचायची आणि तिला दुपारची भीती वाटायला लागली. भराव गेल्यानं वारा सरळ अंगावर यायचा. आधी कधी न दिसलेला पलीकडचा मुलूख उघडा पडला होता. मोरी मात्र तशीच उभी होती, वर काही नसलेली, नुसती कमान. तिच्यातून जायचं आता कारण नव्हतं, बाजूनं जाता येत होतं. तरी बाया मोरीतूनच वाकून जायच्या.

मग एका दुपारी दुर्गाबाईनं ते केलं, जे तिनं आजवर केलं नव्हतं. हळदीकुंकू पदरात बांधलं आणि मातीच्या त्या खांडावर चढली. दगडावरचा आकडा पुसून गेला होता. तिनं पदरानं दगड पुसला, हळद लावली, कुंकू लावलं आणि त्याच्याजवळ पाय पसरून बसली, जशी बाई लेकराला पायावर घ्यायला बसते तशी. बरं वाटलं तिला. मालनबाईचं वाईट वाटत होतं, पण बरंही वाटत होतं. आपलं तरी राहिलं.

जेवायची वेळ टळली म्हणून काकासाहेब तिला बघत तिकडं आला. दगडावरचं कुंकू त्यानं बघितलं आणि खालीच थांबला.

"उठ, दुर्गे."

"बसते जरा. तुम्ही चला फुडं."

"उठ म्हणतो ना. हितं न्हाई ती."

दुर्गाबाईला कळलं नाही. "काय न्हाई?"

काकासाहेबानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. 

"त्या दिवशी पाऊस काय कमी होता? हितं खणाय गेलो तर खडीच खडी. कुदळ उडून अंगावर येऊन राह्यली. दोन हात बी खाली जाईना. पोर काखेत, फडकं भिजल्यालं. मंग तसाच फुडं गेलो. बाभळीच्या बुडाशी कोणीतरी दोन-चार दिवसांखाली उकरल्यालं होतं. माती भुसभुशीत. तिथं हातानं सुदिक खड्डा झाला. तिथंच ठिवलं, त्याच्या कडंला."

"कोणाच्या कडंला?"

"मालनच्या पोराच्या. मला ठावं होतं कोणाचं हाय ते. म्हणून तर तुला सांगितलं न्हाई. घरी माझी माय होती, भावकी होती. पाटलाची पोर खालच्या आळीतल्याच्या कुशीला ठिवली म्हणून सांगू? येताना हा दगड दिसला. दगड म्हणून सांगून टाकलं."

दुर्गाबाई दगडाकडं बघत राहिली. सगळं आयुष्य तिनं ह्या दगडाकडं बघितलं होतं. कपाशी वेचताना, आदिनाथ पोटात असताना, सासू गेली तेव्हा. दगडच होता तो.

"आणि परवा? पोरगं इचारत होतं तवा? तवा तरी तोंड उघडायचं."

 बोलायला गेलो होतो, एवढंच काकासाहेब पुटपुटला.

मग तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट उतरली. त्या संध्याकाळी मालनच्या बाभळीसाठी तिनं एक शब्द काढला असता, तर तिची स्वतःची पोर राहिली असती. आपलं तेवढं वाचवावं म्हणून ती गप्प बसली आणि आपलंच घालवून बसली. कोणाला दोष द्यावा तर नवऱ्याला देता येत होता, आणि तिनं दिलाही, पुढं कितीतरी दिवस दिला. पण मनातल्या मनात तिला हिशेब कळला होता.

ती खाली उतरली. काकासाहेबाला मागं टाकून तशीच चालत सुटली ती सरळ खालच्या आळीत मालनबाईच्या दारात. तिथवर ती कधी गेली नव्हती. मालनबाई आत ज्वारी पाखडत होती. दुर्गाबाई विचारल्याशिवाय आत गेली आणि तिच्यासमोर भुईवर बसली. जे काकासाहेबानं सांगितलं ते सांगितलं, आणि जे त्यानं सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. "मी तुझं नाव काढलं न्हाई, मालन. पोरगं एक जागा म्हणालं. मी माझी सांगितली. मंग तुझ्या तोंडावर लबाड बी बोलले."

मालनबाईचं सूप थांबलं.  डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही.

"मंग एकला न्हवता म्हणायचा," ती म्हणाली. "इतकी साल मी त्याला एकला समजून राह्यले."

दुर्गाबाई मोठ्यानं रडायला लागली. मालनबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. सूप बाजूला सारलं, डोक्यावर पदर घेतला.

"चला," ती म्हणाली. "जोत्याकडं चला."

जोत्यावर गवंडी रामप्रसाद आला होता. मुरमावर पाणी मारून झालं होतं आणि दोन गडी धुम्मस घेऊन उभे होते. लाकडी दांड्याचे ते जड लोखंडी ठोकळे आपटून आपटून मुरूम दाबायचा, मग वर फरशी. काकासाहेब परत आला होता आणि वाळूच्या ढिगावर बसला होता. आदिनाथ, शीतल, शेजारचे दोघं-चौघं तिथंच होते. मालनबाई जोत्याखाली थांबली. वर चढली नाही.

"काकासाहेब," ती म्हणाली. "पोरीचं बारसं राह्यलंय म्हणं तुमच्या."

काकासाहेब उठून उभा राहिला. बायकोकडं बघितलं. सगळं कळलं त्याला.

"माझा संघपाल हितं हाय आणि तुमची पोर बी हितंच हाय. दोघांच्या अंगावर धुम्मस मारायच्या आधी तिचं नाव ठिवा. बिगरनावाची लेक घरात दाबून टाकू नका."

"ठिवू," काकासाहेब म्हणाला. "काय ठिवायचं ते..."

"तुम्ही न्हाई. नाव आत्या ठिवती. आत्याचा मान मला द्या."

रामप्रसाद गवंडी खाली बघायला लागला. आत्या म्हणजे बापाची बहीण, हे तिथं कोणाला सांगायला नको होतं. काकासाहेबाची सख्खी बहीण भोकरदनला चांगली धडधाकट होती. मालनबाई काय मागत होती आणि कोणासमोर मागत होती, हे शेजाऱ्यांनाही बरोबर समजलं. त्यांच्यातला एक खाकरला.  आम्ही बिलकुल मानत नाही, असं तो ज्यांना ऐकवत आला होता, तीच माणसं आता त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"बोला की," दुर्गाबाई म्हणाली. "आता तरी बोला."

काकासाहेबानं पायातल्या चपला काढल्या. जोत्याच्या कडेला आला. "मालनताई," तो म्हणाला, आणि आवाज चिरकला म्हणून पुन्हा म्हणाला, "मालनताई, वर या. तुम्ही ठिवा नाव."

त्यानं हात पुढं केला. मालनबाईनं तो धरला नाही. विटांवर गुडघा टेकून ती स्वतःच वर चढली. ओल्या मुरमात तिची पावलं उमटत गेली. मधोमध जाऊन ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही तळहात तोंडाशी धरले आणि लेकराच्या कानाशी वाकावं तशी वाकली. आधी कुर्रर्र केलं. ते सगळ्यांना ऐकू आलं. मग आणखी खाली वाकली, कपाळ मुरमाला लागलं, ओठ हलले. शीतल रडत होती. दुर्गाबाई पुढं झाली, वाकून कान दिला, पण तोवर मालनबाई उठून बसली होती.

"काय ठिवलं?" दुर्गाबाईनं विचारलं.

"तिला सांगितलंय."

"मला सांग की, मालन. मला हाक मारायला..."

मालनबाईनं कपाळाची माती पुसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर दुर्गाबाईनं पाय धरले असते.

"तुम्ही माझ्या पोराचं नाव तोंडातून काढलं न्हाई," ती म्हणाली. "हे बी तुमच्या तोंडात यायचं न्हाई. त्या दोघांना ठावं झालं, बास झालं."

ती खाली उतरली. काकासाहेबानं पुन्हा काही म्हणायचा प्रयत्न केला, पण ती चालायला लागली होती. थोड्या वेळानं रामप्रसादनं विचारलं, करू का सुरू, आणि कोणीच नाही म्हणालं नाही, तेव्हा गड्यांनी धुम्मस उचलली.

घर आता उभं आहे. दिवाळीनंतर फरशी बसली, रंग लागला. मालनबाई कधीमधी येते. आता ती आत येते, फरशीवर पाय पसरून बसते, निवांत, जशी नणंद माहेरी येऊन बसते. काकासाहेब तिला ताई म्हणतो. इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात. नावाचं दुर्गाबाई विचारत नाही, एकदा विचारलं तेव्हा मालनबाई नुसती उठून गेली होती.

दुपारी सगळे शेतात गेले, की दुर्गाबाई मधल्या खोलीत फरशीला कान लावून पडते. गार लागते फरशी. ती हळू आवाजात एकेक नाव घेते. शालू, म्हणते आणि थांबते. प्रियदर्शनी, म्हणते आणि थांबते. पायल. जुनी नावं घेते, नवी घेते, शाळेतल्या पोरींची घेते. कोणत्या नावाला ओ येईल याची वाट बघते. एकदा शीतल लवकर परत आली आणि दारात उभी राहून बघत राहिली.

"सासूबाई, कोणाला हाक मारून राह्यल्या?" तिनं विचारलं.

"कोणाला न्हाई गं," दुर्गाबाई म्हणाली आणि कान न उचलता पुढचं नाव घेतलं.